दहा मीटर एअर पिस्तूल: पहिल्या होल्डिंगपासून पहिल्या स्पर्धेपर्यंतचा क्रम

गोव्यात एअर पिस्तूल शिकायला येणाऱ्यांची, मग ते फोंड्याचे असोत, म्हापशाचे असोत की डिचोलीचे, एक चूक मला वर्षानुवर्षे तशीच दिसते. पहिल्या आठवड्यात पिस्तूल विकत घेतले जाते, दुसऱ्या आठवड्यात टार्गेट लावून गुण मोजायला सुरुवात होते, आणि सहा महिन्यांनी ६०० पैकी ५०० च्या आसपास अडकून पडल्यावर दोष पिस्तुलावर, छर्ऱ्यांवर किंवा नशिबावर टाकला जातो. मेहनत या मंडळींनी केलेली असते, पण ती उलट्या क्रमाने केलेली असते. हाताला जी सवय सर्वांत आधी लागायला हवी ती सर्वांत शेवटी शिकवली, तर मधल्या काळात लागलेली वाईट सवय मोडण्यातच एक वर्ष जाते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि प्रत्येक टप्प्याखालची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. लेखातल्या डाव्या-उजव्याच्या सूचना उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट कराव्यात.

टप्पा १: खरेदीपूर्वीची तयारी

पहिले दोन-तीन महिने स्वतःचे पिस्तूल घेऊ नये. क्लबच्या पिस्तुलावर शिकावे आणि त्या काळात आपल्या तळहाताला लहान, मध्यम की मोठी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, बसते, मनगट कोणत्या कोनात सैल राहते आणि पुढे जड असलेले पिस्तूल आपल्याला मानवते की नाही, याची नोंद करावी. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी यांपैकी कोणतेही पिस्तूल नवशिक्याच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक अचूक असते. चुकीच्या मापाची ग्रिप मात्र त्यांतल्या सर्वांत महागड्या पिस्तुलालाही निरुपयोगी करते.

कोणती आपली प्रमुख डोळ्याची बाजू आहे, हेही आधीच ठरवावे. दोन्ही तळहात समोर धरून त्यांच्यामध्ये लहान फट ठेवावी, त्या फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत टिकून राहते, तो प्रमुख डोळा. दुसरा डोळा नेम धरताना मिटू नये, कारण मिटलेल्या पापणीचा ताण उघड्या डोळ्यालाही थकवतो; त्याच्यासमोर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसलेली अर्धपारदर्शक पट्टी लावावी. चष्मा असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की मला हात लांब केल्यावर पिस्तुलाच्या टोकावरची साइट, म्हणजे नेम जुळवण्याची पट्टी, ठळक दिसायला हवी. नेहमीचा लांबचा चष्मा लावून सराव करणाऱ्यांना टार्गेट स्वच्छ आणि साइट धूसर दिसते, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथून सुरू होतात.

कायद्याचा भाग थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही, आणि ४.५ मिलिमीटरची स्पर्धेची पिस्तुले या मर्यादेत बसतात. तरीही ती दुरून खऱ्या पिस्तुलासारखीच दिसतात. कदंबच्या बसने रेंजवर जाताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, छर्रे वेगळ्या पिशवीत आणि खरेदीचे बिल व क्लबचे ओळखपत्र जवळ असावे; वाटेत कुणाच्याही आग्रहाने पेटी उघडून दाखवू नये.

इशारा: पिस्तूल हातात असताना त्याचे तोंड कायम टार्गेटच्या दिशेला राहिले पाहिजे. खाली ठेवताना ते उघडावे, रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि नळीतून आरपार जाणारी रंगीत सुरक्षा दोरी घालावी. हा नियम घरच्या सरावालाही तसाच लागू आहे.

टप्पा २: ग्रिप आणि उभे राहणे

पिस्तूल उजव्या हाताने उचलून उजव्या हातात बसवू नये. डाव्या हाताने नळीखाली धरून ते उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात शक्य तितके वर, घट्ट रुतवावे, म्हणजे नळीची रेषा आणि कोपरापासून मनगटापर्यंतची रेषा एक होते. दाब मधल्या बोटाने सरळ मागे द्यावा. अनामिका त्याला साथ देते, करंगळी फक्त टेकलेली असते आणि अंगठ्याने काहीच करायचे नसते. किती घट्ट धरायचे, याचे माप सोपे आहे. पिस्तूल थरथरू लागेपर्यंत मूठ आवळावी आणि मग थरथर थांबेपर्यंत सैल करावी. जिथे ती थांबते तो आपला दाब, आणि तो पहिल्या नेमापासून साठाव्या नेमापर्यंत तेवढाच राहिला पाहिजे.

पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, उजवा खांदा टार्गेटकडे करून उभे राहावे. वजन दोन्ही पायांवर सारखे, डोके सरळ, डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. आता डोळे मिटून हात टार्गेटच्या उंचीला न्यावा, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. हात टार्गेटच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेला दिसला, तर खांद्याने किंवा मनगटाने तो ओढून आणू नये. मागचा पाय थोडा सरकवून सगळे शरीर फिरवावे. खांद्याने ओढलेला हात पहिले दहा नेम ऐकतो आणि नंतर आपल्या मूळ जागी परत जाऊ लागतो.

हाताची ताकद वाढवण्यासाठी घरी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली पुरते, कारण स्पर्धेचे पिस्तूल साधारण तेवढ्याच वजनाचे असते. हात सरळ करून १५ सेकंद धरावे, ४५ सेकंद विश्रांती घ्यावी आणि असे दहा वेळा करावे. खांद्यात टोचल्यासारखे दुखले तर त्या दिवसापुरते तिथेच थांबावे.

तपासणी: डोळे मिटून पाच वेळा हात वर नेल्यावर पाचही वेळा तो टार्गेटच्या रुंदीच्या आत आला पाहिजे. तो येत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा ३: कोऱ्या भिंतीसमोर ड्राय प्रॅक्टिस

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. किमान सहा आठवडे, रोज वीस ते तीस मिनिटे, छर्ऱ्याशिवाय. बहुतेक जण हाच टप्पा चार दिवसांत उरकतात, म्हणून तो का लागतो हे आधी नीट समजून घ्यावे.

एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असते, आणि टार्गेट १० मीटरवर म्हणजे त्याच्या तीसपट दूर असते. त्यामुळे पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत एका मिलिमीटरने बाजूला गेली, तर छर्रा टार्गेटवर सुमारे ३० मिलिमीटर बाजूला लागतो. पुढची साइट खाचेत नीट राखून आख्खा हात एक मिलिमीटर सरकला, तर मात्र छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने ८ मिलिमीटर मोठे आहे, आणि छर्ऱ्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. हा हिशेब जुळवून पाहिला तर खाचेतली एका मिलिमीटरची चूक दहाचे सात करते आणि हाताची तेवढीच हालचाल दहाचे दहाच ठेवते. नवशिका नेमके उलटे करतो: हात हलतो म्हणून घाबरतो आणि खाचेकडे पाहतच नाही. हात प्रत्येकाचा हलतो आणि तो हलू द्यावा. नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर खिळलेली असावी, तिच्या दोन्ही बाजूंना दिसणारा उजेड सारखा असावा आणि तिचा माथा मागच्या साइटच्या माथ्याशी समपातळीत असावा.

कोरी भिंत एवढ्याचसाठी हवी. भिंतीवर पाहण्यासारखे काही नसल्याने डोळा साइटवर थांबायला शिकतो. चुना लावलेली किंवा एकाच फिक्या रंगाची, चांगला उजेड असलेली भिंत निवडावी. उघड्या चिऱ्यांच्या भिंतीवरची छिद्रे नजर ओढून घेतात.

प्रत्येक नेमाचा क्रम असा ठेवावा. श्वास घेत हात टार्गेटच्या वर न्यावा. श्वास सोडत हात खाली आणावा आणि त्याच वेळी ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा घेऊन टाकावा. अर्धा श्वास आत असताना थांबावे, साइट खाचेत आहे हे पाहावे आणि ट्रिगरवरचा दाब वाढवत राहावा. बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर असावे आणि दाब नळीच्या रेषेत सरळ मागे जावा. हात स्थिरावल्यापासून सहा-सात सेकंदांत क्लिक व्हायला हवे. दहा सेकंद झाले तर हात खाली आणावा. क्लिक झाल्यावरही दोन सेकंद तसेच उभे राहून साइटकडे पाहत राहावे.

या दोन सेकंदांतच खरे शिक्षण आहे. क्लिकच्या क्षणी पुढची साइट खाचेत जागच्या जागी राहिली, तर ट्रिगर बरोबर दाबला गेला. ती चटकन खाली डावीकडे बुडाली, तर बोटाबरोबर सगळी मूठ आवळली गेली. साखळीची एक विद्यार्थिनी महिनाभर सांगत होती, ‘‘सर, माझा हात हलत नाही, तरी सगळे सात वाजण्याच्या बाजूला जातात.’’ तिला भिंतीसमोर उभे करून मी फक्त तिच्या अंगठ्याकडे पाहिले. प्रत्येक क्लिकला अंगठ्याचे नख पांढरे पडत होते. तिने तो अंगठा ग्रिपपासून केसभर उचलून धरायला सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत ती बाजू मोकळी झाली.

इशारा: ज्या खोलीत ड्राय प्रॅक्टिस करायची तिथे छर्ऱ्यांचा डबा असता कामा नये. पिस्तुलाला ड्राय फायरची, म्हणजे हवा न सोडता ट्रिगर दाबण्याची, सोय असेल तीच वापरावी. नसेल तर ट्रिगर न दाबता केवळ होल्डिंग करावे, म्हणजे साइट जुळवून हात स्थिर धरावा.

तपासणी: सलग वीस क्लिकपैकी सतरा-अठरा वेळा साइट जागची हलली नाही, तर छर्रा भरण्याची वेळ झाली.

टप्पा ४: कोऱ्या कार्डावर छर्रे

इथून पुढचे सर्व रेंजवरच, घरी कधीही नाही. शिशाचा छर्रा चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर आपटून परत येतो. सपाट तोंडाचे स्पर्धेचे छर्रे वापरावेत, कारण ते कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात. छर्रे शिशाचे असल्याने फायरिंग पॉइंटवर, म्हणजे नेम धरायला उभे राहण्याच्या जागी, काही खाऊ नये आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

टार्गेटचे कार्ड उलटे लावावे, म्हणजे कोरी बाजू समोर येते. तिच्यावर पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारावेत. गुण मोजायचे नाहीत. पाच भोके किती जवळ आली एवढेच पाहायचे. दोन आठवडे तरी हेच करावे.

टप्पा ५: टार्गेट आणि साइट जुळवणे

टार्गेट सरळ लावल्यावर लगेच जुनी खोड परत येते: डोळा काळ्या गोलाकडे धावतो. गोल ५९.५ मिलिमीटरचा आहे आणि तो धूसरच दिसला पाहिजे. नेम काळ्याच्या मध्यावर धरू नये, तो त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरावा. काळी साइट काळ्या गोलात शिरली की तिची कड दिसेनाशी होते. पांढऱ्यावर ती ठळक राहते. साइट अशी जुळवायची की खाली पांढऱ्यात नेम धरल्यावर छर्रा मध्यभागी लागेल.

एका छर्ऱ्यावरून साइट कधीही फिरवू नये. पाचांचा गट मारावा, गटाचा मध्य पाहावा आणि मागची साइट ज्या दिशेला छर्रा न्यायचा आहे त्या दिशेला सरकवावी. ट्रिगर चुकल्याची खूण असलेले छर्रे या हिशेबातून वगळावेत, नाहीतर आपण आपली चूक साइटमध्ये बसवून टाकतो आणि ज्या दिवशी ट्रिगर बरोबर दाबला जाईल त्या दिवशी छर्रे उलट बाजूला जातात.

तपासणी: मॉनिटर किंवा दुर्बीण पाहण्यापूर्वी छर्रा कुठे लागला हे मनात सांगावे, ‘नऊ, उजवीकडे’ असे. दहापैकी सात अंदाज बरोबर आले, तर नजर साइटवर आहे. अंदाज चुकत असतील तर पुन्हा कोऱ्या कार्डावर जावे, त्यात कमीपणा मानू नये.

पावसाळ्यातली देखभाल

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात पिस्तूल रेंजवर जितके झिजत नाही तितके पेटीत खराब होते. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो. एका जुलैमध्ये आठ दिवस बंद राहिलेली पेटी मी उघडली तेव्हा नळीच्या ज्या बाजूला फोम टेकत होता, नेमक्या तिथेच मोहरीएवढे नारिंगी ठिपके उमटले होते. वरची बाजू लखलखीत होती. तेव्हापासून पावसाळ्यात पिस्तूल घरी कोरड्या सुती कापडात, फोमच्या बाहेर, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पोलादी भागांवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. झडपा आणि रबरी सीलना मात्र उत्पादकाने सांगितल्याखेरीज कोणतेही तेल लावू नये. लाकडी ग्रिप घामाने ओली झाली तर पुसून सावलीत वाळवावी. टार्गेटची कार्डे हवाबंद पिशवीत ठेवावीत, कारण दमट कार्डावरचे भोक फाटके येते आणि रेषेला लागले की नाही हा वाद उरतो.

पिस्तुलाला दाबाची हवा पुरवणारे सिलिंडर बहुधा २०० बारपर्यंत भरतात. आपल्या सिलिंडरवर लिहिलेला दाब हाच प्रमाण मानावा. हवा कोरडी असली पाहिजे. हातपंपाने भर पावसात, ओलावा शोषणाऱ्या फिल्टरशिवाय भरलेल्या हवेतले पाणी आत साचते आणि हवेचा दाब राखणारा रेग्युलेटर गंजवते. स्कूबा टाकीतली कोरडी हवा चालते, फक्त ती श्वसनाची साधी हवाच आहे याची खात्री करावी.

इशारा: सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नये, स्फोट होतो. सिलिंडरवर छापलेली मुदत, सामान्यतः दहा वर्षे, संपली की तो वापरातून काढावा. स्पर्धेत त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

टप्पा ६: घड्याळासह सराव

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर साठ छर्ऱ्यांना ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे सरासरी प्रत्येकी सव्वा मिनिट. कागदी टार्गेटवर ९० मिनिटे. त्याआधी तयारी आणि चाचणी छर्ऱ्यांसाठी १५ मिनिटे असतात. वेळ भरपूर आहे, पण घड्याळ न लावता सराव केलेला माणूस पहिल्या वीस मिनिटांत तीस छर्रे मारून मोकळा होतो आणि उरलेल्या तिसांत घसरतो. आठवड्यातून एकदा पूर्ण साठांची मॅच घड्याळ लावून मारावी आणि प्रत्येक दहाच्या सिरीजनंतर पिस्तूल ठेवून मिनिटभर बसावे.

वही ठेवावी. तीत गुणांपेक्षा कारणे लिहावीत: किती वेळा हात खाली आणला, किती वेळा आणायला हवा होता पण आणला नाही. ही दुसरी संख्या कमी होत गेली की गुण आपोआप वाढतात. चवथीच्या सुट्टीनंतर परत आल्यावर पहिले दोन दिवस थेट साठांची मॅच मारू नये. टप्पा ३ वर जाऊन तिथून पुन्हा चढत यावे.

टप्पा ७: पहिली स्पर्धा

राज्य संघटनेच्या सभासदत्वाचे आणि नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या ओळख क्रमांकाचे काम महिनाभर आधी संपवावे. साहित्य तपासणीत मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. ट्रिगरने ५०० ग्रॅमचे वजन उचलले पाहिजे, पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. ट्रिगर नेमका ५०० वर ठेवू नये, दहा-वीस ग्रॅम वर ठेवावा. मॅचनंतरही अचानक तपासणी होते आणि तेव्हा कमी भरला तर निकाल जातो. घोटा झाकणारे बूट चालत नाहीत, नेम धरणाऱ्या हातात घड्याळ किंवा कडे चालत नाही.

पिस्तुलाचे स्क्रू, बॅटरी आणि हत्यारे आदल्या रात्री पाहावीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचे पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडले, मोलाची मिनिटे गेली, आणि ५७५ गुणांवर ती १२व्या स्थानी राहून अंतिम फेरीबाहेर पडली. बिघाड कुणालाही गाठू शकतो. निदान सैल स्क्रूमुळे किंवा संपलेल्या बॅटरीमुळे तो गाठू नये. माझ्या पहिल्या राज्यस्तरीय स्पर्धेत मी सिलिंडर अर्धा भरलेला घेऊन गेलो होतो. चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर छर्रे एकामागून एक खाली उतरू लागले, मी ट्रिगरला दोष देत राहिलो आणि दाबमापक पाहायचे सुचले तेव्हा दोन सिरीज गेल्या होत्या. पूर्ण भरलेला सिलिंडर आणि सोबत दुसरा भरलेला, हा नियम त्यानंतर मी मोडलेला नाही.

शीत-कडीचे पोटभर जेवण करून लगेच उभे राहू नये. दोन तास आधी हलके खावे. चहा-कॉफी रोजच्याइतकीच घ्यावी, कारण त्या दिवशी अचानक वाढवली किंवा बंद केली तरी हात कापतो.

फायरिंग पॉइंटवर आधी पाय लावून डोळे मिटण्याची तपासणी करावी, मग टेबलाची उंची, मग छर्रे. चाचणी छर्रे मोजके, पंधरा-वीस पुरेत. ‘मॅच फायरिंग, स्टार्ट’ ही आज्ञा झाल्यावर चाचणी टार्गेटवर परत जाता येत नाही, आणि पहिल्या मॅच छर्ऱ्यानंतर छर्रा न भरता हवा सुटली तर तो शून्य धरला जातो. छर्रा भरला की नाही अशी शंका आली, तर उडवून पाहू नये, उघडून पाहावे. हात वर नेण्यापूर्वी टार्गेटचा क्रमांक आपलाच आहे हे प्रत्येक सिरीजच्या सुरुवातीला वाचावे, शेजारच्या टार्गेटवर गेलेला छर्रा आपल्याला शून्य देतो.

वाईट छर्रा लागला तर लगेच पुढचा भरू नये. पिस्तूल टेबलावर ठेवावे, दोन श्वास घ्यावेत, एक ड्राय क्लिक करावे, पण त्यात हवा सुटणार नाही याची आधी खात्री असावी. साइट खाचेत राहिली की मगच छर्रा भरावा.

‘स्टॉप, अनलोड’ झाल्यावर पिस्तूल उघडून सुरक्षा दोरी घालावी आणि पंचांनी पाहिल्याशिवाय ते पेटीत ठेवू नये. घरी पोचल्यावर हात धुवून, पिस्तूल पुसून, वहीत साठही छर्रे सिरीजवार उतरवावेत. दुसऱ्या दिवशीच्या सरावाला टार्गेट लावू नये. कार्ड उलटे लावून वीस छर्रे कोऱ्या बाजूवर मारावेत आणि क्लिकनंतरचे दोन सेकंद साइट कुठे राहते ते पाहावे.